रामरामाचा हॉर्न

“तुज्या घरात कुनाला तरी कमी ऐकू येतंय बग,” शेजारच्या रंगूबाईंनी दिवाळीतच सांगितलं होतं. दारातून हाका मारमारून त्या माघारी गेल्या होत्या. पुढच्या सोप्यात माणूस असून कुणी वळलं नव्हतं. प्रियदर्शनी तेव्हा भाकरी थापत होती. या घरातल्या पुरुषांना बाईची हाक कधी ऐकू आलीय, असं म्हणून तिनं तो विषय पिठाच्या हातानंच झटकून टाकला.

घर कुंडलच्या रस्त्याला अगदी खेटून. उसाचा हंगाम लागला की कारखान्याचे ट्रॅक्टर रात्रंदिवस दारावरून जायचे. भरलेले जाताना नुसते कण्हायचे, रिकामे येताना मात्र त्यांच्या दोन-दोन ट्रॉल्या अशा खडखडायच्या की फळीवरची भांडी आपणहून जागा बदलायची. त्यावर ड्रायव्हरची गाणी. आणि त्या सगळ्याच्या वर रामराम.

रामराम ही तिच्या सासऱ्यांची, आप्पासोंची करणी. ते पलटणीत गाडी चालवून निवृत्त झालेले. सोप्यात रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरनं हॉर्न देऊन रामराम घालायचा, हा त्यांनी घालून दिलेला शिरस्ता. कुणी तसंच दामटून जाऊ नये म्हणून दारात गतिरोधकही त्यांनीच भांडून करून घेतला होता. आधी साधं एक ‘पों’ पुरायचं. मग त्यांची कुरकुर सुरू झाली, की हल्लीची पोरं हॉर्न दबकून देतात, मनापासून देत नाहीत. पोरं मानाची भुकेली तशी मान देणारीही. त्यांनी ट्रकचे हॉर्न बसवले. आप्पासोंचं तोंड वाकडंच. मग प्रेशर हॉर्न आले. एका बहाद्दराचा हॉर्न तर आधी रेड्यासारखा हंबरायचा आणि शेवटी आगगाडीवर जायचा. आप्पासो हात वर करून सलाम घ्यायचे आणि म्हणायचे, “ह्यो जरा बरा. पर पयल्यासारकी मानसं ऱ्हायली न्हाईत.”

प्रियदर्शनीचा नवरा उदयसिंह सीमेवर. फोनवर त्यानंच काळजीनं विचारलं, तिकडं गोळीबार सुरू झालाय का?

या सगळ्या गोंधळात तिचा सात महिन्यांचा वीरधवल गाढ झोपायचा. लोक म्हणायचे, गुणाचं पोर. तिलाही आधी तसंच वाटलं. मग एके दुपारी आगगाडीवाला पाळण्यापासून चार हातांवर हंबरून गेला, खिडकीची काच थरथरली आणि पोराची पापणीसुद्धा लवली नाही. रंगूबाईंचं बोलणं तिला तेव्हा आठवलं. बी.एस्सी. झालेली बाई. आवाजानं झोप उडते, रक्तदाब चढतो, कान जातात, हे तिनं वाचलेलं होतं. फक्त ते आपल्या पाळण्यात येईल असं वाटलं नव्हतं. तिनं पातेलं आपटून पाहिलं, ताट वाजवून पाहिलं. पण नेमका तेव्हाच एखादा रामराम घालून जायचा, आणि पोराला पातेलं ऐकू आलं नाही की पातेल्याला कुणी वावच दिला नाही, हे कळायचं नाही. पोराच्या कानाची परीक्षा घ्यायला गावात शांतताच शिल्लक नव्हती.

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. तोवर गप्प बसवेना, म्हणून तिनं सासऱ्यांना न सांगता ग्रामपंचायतीत तक्रार केली. पंचायतीनं गोंगाट बंद करण्याचा ठराव केला आणि तो रिक्षाला कर्णा बांधून दिवसभर तिच्याच दारात ऐकवला. तेव्हा ती पोलिसांत गेली.

हवालदार आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले आणि जीप गतिरोधकाजवळ लावून उभे राहिले. वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा, आणि प्रेशर हॉर्नला तर बंदीच, असं त्यांनी तिला सांगितलं. पण लांबून खाकी दिसली आणि ट्रॅक्टरांची गाणी बंद झाली. हॉर्न बंद झाले. रिकामे ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं सरकू लागले. एकानं तर उतार बघून इंजिनच बंद केलं आणि चोरासारखा घरंगळत गेला. हवालदार यंत्राकडे बघून हिरमुसले. “ताई, तुमच्यापेक्षा आमचं ठाणं गोंगाटाचं हाय,” असं म्हणून ते यंत्र हलवून बघू लागले.

त्या शांततेत वीरधवल दचकून जागा झाला.

जग बुडाल्यासारखा त्यानं टाहो फोडला. प्रियदर्शनीनं धावत जाऊन त्याला उचललं, “सोन्या” म्हणून हळूच हाक मारली, तशी त्यानं मान वळवली. मागून चुटकी वाजवली, तर रडता रडता तिकडंही बघितलं. ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. पोर आवाजाला सरावलं होतं, त्याला भ्यायला शांतताच नवी होती.

आनंदानं ती रडतं पोर घेऊन सोप्यात आली. आप्पासो रस्त्याकडे बघत बसले होते.

“एकानंबी रामराम घातला न्हाई,” ते स्वतःशीच म्हणाले. “समदे रुसले काय माज्यावर?”

वीरधवल त्यांच्या कानाशीच किंचाळत होता. ती खुर्चीमागं उभी राहिली. “आप्पा,” तिनं हळू हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग एवढ्या मोठ्यानं की जीपजवळचे हवालदार वळले. आप्पासो रस्त्याकडेच बघत होते. शेवटी तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते वळले, नातवाला बघून हसले. “कवा आलीस?”

सांगलीची नातवाची वेळ आजोबांना मिळाली. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, उरलेलं जपा, रक्तदाबही तपासत राहा. कानाला यंत्र बसलं. घरी आल्यावर आप्पासो ऐटीत खुर्चीत बसले. आगगाडीवाला आला आणि त्यानं नेहमीसारखा प्रेमानं रामराम घातला. आप्पासो खुर्चीवरून उडाले. कान धरून रस्त्यावर धावले.

“कोन रं त्यो? हितं मानसं ऱ्हात्यात का न्हाई?”

आता त्यांचा शिरस्ता बदललाय. नुसता हात वर करायचा, हॉर्न दिला तर वळखच न्हाई. प्रियदर्शनी मात्र भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही तेच सांगणं. तुमच्या घरात रस्त्याकडे तोंड करून बसणारं कुणी असेल, तर आज मागं उभं राहून त्यांना हळूच हाक मारून बघा. वैतागून “काय हाय?” म्हणाले तर राग मानू नका. न वळता तसेच बसून राहिले, तर मात्र भाकरी थापत बसू नका.