मागच्या मंदीतला दादा

दर तीन महिन्यांनी त्या घरात परीक्षेचे दिवस यायचे. टिल्लू जेवताना बोलेनासा व्हायचा, त्याची आई टीव्हीचा आवाज कमी करायची आणि आत्या चष्मा पुसून कागद घेऊन बसायची. टिल्लू म्हणजे सहा फुटी, पन्नाशीला टेकलेला, कपाळ वर सरकत चाललेला गृहस्थ. एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रमुख. बाहेर त्याला सगळे साहेब म्हणत. पण लहानपणी तो अगदी मुठीएवढा होता, तेव्हा पडलेलं नाव घरात चिकटलं ते चिकटलंच.

कंपनीचा धंदा माणसं पुरवण्याचा. कुणाला चार महिन्यांपुरता हिशेबनीस हवा, कुणाला गोदामात माल उतरवायला हात हवेत, कुणाला कायमचा मॅनेजर. कंपनीने माणूस शोधून द्यायचा आणि आपली फी घ्यायची. सुरुवात केली होती आत्याने आणि तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे टिल्लूच्या वडिलांनी. एका कुलूप-किल्लीवाल्याच्या दुकानावर एक खोली, एक टाइपरायटर आणि एक फोन. दादा बोलायचा, आत्या टाइप करायची. त्या खोलीतून शाखा निघाल्या, कंपनी शेअरबाजारात गेली, मग दादा वारला आणि खुर्ची टिल्लूकडे आली. आत्या संचालक मंडळावर राहिली. तिने लग्न केलं नव्हतं. वेळच मिळाला नाही, असं ती सांगायची. त्यावर वहिनी, म्हणजे टिल्लूची आई, हमखास म्हणायची, "वेळ भरपूर होता. मुलगे पसंत पडले नाहीत."

या तिमाहीचे कागद आले ते पाहून आत्याने चहा तसाच गार होऊ दिला. कायमच्या नोकऱ्यांवरची फी जवळपास निम्म्यावर आली होती. बदली माणसांचं काम थोडंफार चाललं होतं, तेही दवाखान्यांच्या जिवावर. कंपन्या कुणाला काढत नव्हत्या आणि घेतही नव्हत्या. जो जिथे होता तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. कोणी उठलंच नाही तर रिकामी जागा होणार कुठून, आणि जागाच नाही तर यांनी माणूस द्यायचा कुणाला?

शेवटच्या पानावर प्रस्ताव होता. लोकांनी समोर येऊन नाव नोंदवायच्या ज्या काही जुन्या शाखा उरल्या होत्या, त्या बंद करायच्या. यादीत पहिलं नाव कुलपांच्या दुकानावरच्या खोलीचं.

दुसऱ्या दिवशी आत्या कुणाला न सांगता तिकडे गेली. जिना तोच, अरुंद आणि मधेच पायरी उंच. वर काऊंटरबाई एकटीच बसली होती. ही बाई एकेकाळी नोकरी मागायलाच आली होती. दादाने तिला इथेच ठेवून घेतलं, आणि आता तिचेही केस पांढरे झाले होते.

"आत्या! आज इकडे कशा?" ती लगबगीने उठली. कंपनीत लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत.

"सहज आले. लोक कुठे आहेत?"

"लोक?" काऊंटरबाईने भिंतीलगतच्या रिकाम्या बाकांकडे पाहिलं. "लोक आता येत नाहीत हो. घरी बसून फोनवरून अर्ज टाकतात. इथे टाक, तिथे टाक. परवा एक जण आला होता. विचारलं, काय काम करता? म्हणाला, मला कुणाशी तरी बोलायचंय. एवढे अर्ज केले, नकारसुद्धा आला नाही."

"मग?"

"मग काय, बोललो तासभर. जागा नव्हतीच द्यायला."

आत्या बाकावर बसली. खिडकीतून खालच्या कानशीचा किर्र आवाज येत होता, किल्ली घासण्याचा. हा आवाज कानावर पडला आणि तिला मागची मोठी मंदी आठवली. आठवली कसली, खोलीभर उभी राहिली.

कंपनी तेव्हा नवीन होती आणि आत्या पंचविशीच्या आतली. गावातले कारखाने एकामागून एक थंड पडले. नोकऱ्या नव्हत्या, पण माणसं होती, आणि ती सगळी या खोलीत होती. सकाळी दार उघडायच्या आधीच जिन्यावर रांग लागायची. बाकं भरली की लोक खिडकीच्या कठड्यावर, कोपऱ्यातल्या खोक्यांवर, काही तर आत्याच्या टेबलाच्या काठावर टेकायचे. पावसाळी हवेत ओल्या कोटांचा वास आणि चहाची वाफ यांनी काचा धुकट व्हायच्या. कामावरून कमी केलेला एक फिटर रोज येऊन खोलीतलं काही ना काही दुरुस्त करायचा. पंखा झाला, दाराचं बिजागर झालं, शेवटी काही मोडलेलं सापडेना तेव्हा त्याने चांगला चाललेला स्टोव्ह खोलला आणि दोन दिवस सगळ्यांना चहाविना बसवलं. एक नर्स होती आणि एक जहाजावरचा स्वयंपाकी. दोघांना इथे नोकरी मिळाली नाही, पण बायको आणि नवरा मिळाला.

आणि या सगळ्यांच्या मधोमध दादा! सकाळी तो जिना चढून यायचा तोच गडगडाट करत. वर्तमानपत्र उघडून नोकरीच्या जाहिराती नाटकातल्यासारख्या वाचायचा. "पाहिजे आहे! अनुभवी, तरुण, इमानदार, कमी पगारात खूश राहणारा. अरे, हा तर जावई शोधतोय, कारकून नाही!" अख्खी खोली हसायची. आत्या तर टाइप करता करता इतकी हसायची की ओळ चुकायची आणि कागद फेकून द्यावा लागायचा. संध्याकाळी लोक रिकाम्या हाताने जायचे, पण दुसऱ्या दिवशी परत यायचे. आयुष्यात इतकी मजा तिला त्याआधी आली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

तिथून ती घरी परतली ती तापूनच. टिल्लू जेवायला बसला होता. कुणाशी तरी फोनवर बोलत होता, तोंडभर हसत. "अहो, आव्हानं आहेत, पण संधीही आहेतच की!" फोन ठेवल्यावर ते हसू पुसल्यासारखं गेलं आणि त्याने मुकाट्याने ताट ओढलं.

"कसली रे संधी?" आत्या म्हणाली. "ती खोली बंद करण्याची?"

"आत्या, तू कागद वाचलेस ना?"

"कागद वाचले आणि खोलीही पाहून आले. टिल्लू, तुझ्या बापाने याच्या दसपट वाईट दिवस पाहिले. दार नाही लावलं त्याने. हसत उभा राहिला. शंभर माणसं त्याच्या तोंडाकडे बघून दिवस काढत होती. आणि तू बघ! फोनवर गोड बोलतोस आणि कागदावर कुलूप घालतोस."

टिल्लूने हातातला घास ताटात ठेवला. हात धुऊन तो बाहेर निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

वहिनीने त्याचं ताट झाकलं. मग ती आत्यासमोर येऊन बसली. "वन्सं, एक सांगू? रागवायचं नाही."

"सांग."

"तुम्ही म्हणता तसं हे हसत नव्हते."

"म्हणजे? मी डोळ्यांनी पाहिलंय, वहिनी."

"तुम्ही वर पाहिलंत. मी खाली पाहिलं." वहिनीचा आवाज एरवीपेक्षाही हळू झाला. "त्या वर्षी एकदा हे डबा विसरले. मी मागोमाग निघाले. कुलपांच्या दुकानापलीकडे वळणावर भिंतीला टेकून उभे होते. चेहरा असा राखेसारखा. मी घाबरले, म्हटलं काही दुखतंय का? तर म्हणाले, थांब जरा, चेहरा बसवतोय. रोज तिथे थांबायचे. चेहरा बसला की मगच जिना चढायचे. घरी आले की न्हाणीघरात नळ सोडून बसायचे, आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. टिल्लू दाराशी उभा राहून विचारायचा, बाबा, अजून किती वेळ आंघोळ?"

"मला का नाही सांगितलंस? माझाही धंदा होता तो. मी काय परकी होते?"

"मी म्हटलं होतं, वन्संना सांगा. तर म्हणाले, ती हसतेय तोवर दुकान चालतंय. तिचं हसू गेलं की मला कुलूपच लावावं लागेल."

आत्या मनातल्या मनात ती खोली पुन्हा पाहत होती. फिटर, नर्स, स्वयंपाकी सगळे जिथल्या तिथे होते, चहाची वाफही होती. फक्त दादाकडे आता तिला नीट बघवत नव्हतं. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. मग नुसतंच रडू आलं. वहिनीने पदर पुढे केला नाही की समजूतही घातली नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात तिला एवढं कळत होतं.

"टिल्लूला हे माहीत आहे?" शेवटी आत्याने विचारलं.

"तो दाराबाहेर उभा असायचा ना," वहिनी म्हणाली.

तिमाहीच्या निकालाच्या दिवशी सकाळी संचालक मंडळ बसलं. प्रस्ताव आला तेव्हा सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिने हात वर केला. "माझी हरकत नाही. पण काऊंटरबाईला पत्राने कळवायचं नाही. मी आणि टिल्लू जाऊन सांगू."

"तिच्यासाठी मुख्य ऑफिसात जागा ठेवलीय, आत्या," टिल्लू खाली बघत म्हणाला. "आधीच ठेवली होती."

दुपारी गुंतवणूकदारांशी फोनवरची सभा होती. इतक्या वर्षांत आत्या त्या सभेला कधी बसली नव्हती. आज ती आपणहून टिल्लूच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. हिशेबप्रमुखाने आकडे वाचले. मग टिल्लूने दोन्ही तळहातांनी चेहरा चोळला, खोल श्वास घेतला आणि फोनकडे वाकून खणखणीत आवाजात म्हणाला, "नमस्कार मंडळी!" तोच आवाज. जिना चढून येणारा.

प्रश्न सुरू झाले. टिल्लू सगळ्यांना पुरून उरत होता. मग एक जाड आवाजाचे गृहस्थ फोनवर आले. "साहेब, मागच्या तिमाहीत तुम्ही म्हणालात बाजार वळणावर आहे. त्याच्या आधीही हेच म्हणालात. तुमचं हे वळण संपतं तरी कधी?"

टिल्लू 'बाजार' एवढंच म्हणाला आणि तिथेच अडकला. हिशेबप्रमुख कागद चाळू लागला. आत्याने हात पुढे करून बटण दाबून इकडचा आवाज पलीकडे जाणं बंद केलं आणि टिल्लूच्या कानाशी पुटपुटली, "त्याला सांग, घाट आहे म्हणावं. उलटी होत असेल तर खिडकीशी बस."

टिल्लूने तिच्याकडे पाहिलं. आणि त्याला असं काही हसू फुटलं की खांदे हलू लागले. हिशेबप्रमुख घाबरून दोघांकडे बघत राहिला. डोळे पुसून टिल्लूने बटण पुन्हा दाबलं. आता त्याचा आवाज खाली आला होता, घरात बोलतो तसा.

"खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मागच्या दोन्ही वेळी मला वाटत होतं ते मी बोललो, आणि ते चुकलं. कंपन्या माणसं घ्यायला घाबरतात, लोक नोकरी सोडायला घाबरतात. ही भीती कधी जाईल ते मी सांगू शकत नाही. या वर्षी आम्ही वाढायची नाही, टिकायची तयारी केली आहे. एवढंच माझ्या हातात आहे."

मग जाड आवाज म्हणाला, "ठीक आहे. निदान हे तरी कळलं."

सभा संपल्यावर दोघं तसेच जुन्या खोलीकडे गेले. त्यांना जिन्यावर एकत्र पाहून काऊंटरबाई उठून उभी राहिली. "कळलं मला. दोघं एकदम आलात म्हणजे कळलंच." ती थोडी रडली, मग तिनेच चहा केला. मुख्य ऑफिसात जायला ती तयार होती. "फक्त त्या परवाच्या माणसाला मी पुन्हा यायला सांगितलंय. तो आला तर दार बंद दिसेल." टिल्लूने त्याचा नंबर मागून घेतला आणि स्वतःच्या फोनमध्ये घातला. त्याला नोकरी देता येईल असं तो म्हणाला नाही. फोन करतो म्हणाला.

परतताना गाडीत टिल्लूने विचारलं, "आत्या, त्या फिटरने खरंच चालू स्टोव्ह खोलला होता?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी. खूप हसायचे सांगताना." त्याने गाडीचा गिअर बदलला. "तेव्हा खरंच हसायचे, बरं का. मला फरक कळायचा."

आत्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तिकडे बघतच ती म्हणाली, "दोन दिवस चहा नव्हता. लोक मारायला उठले होते त्याला."

घरी पोचल्यावर टिल्लू कोट न काढता सोफ्यावर बसला आणि बसल्या जागी झोपला. तोंड उघडं, पाय अस्ताव्यस्त पसरलेले, एवढा मोठा माणूस, पण झोपेत अगदी घरातलं नाव शोभेल असा. वहिनीने हळूच त्याचे बूट काढले. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. वहिनी गडबडली. आत्याने खिशात हात घालून तो बाहेर काढला, पडद्यावरचं कुणा बड्या भागधारकाचं नाव वाचलं आणि फोन कानाला लावला.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," ती अदबीने म्हणाली. "हो, महत्त्वाची आहे. संध्याकाळपर्यंत चालेल."