दाखवायची आई

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे आणि मला जन्मात एकही पिल्लू झालेलं नाही. तरी माझ्याइतकी पिल्लं दुसऱ्या कुणाच्या कुशीत झोपली नसतील. हे कसं काय, असं तुम्ही विचाराल. सांगते. घाई करू नका, म्हाताऱ्या माणसाला आणि म्हाताऱ्या कुत्रीला मधेच तोडलेलं आवडत नाही.

मी लहान असताना मला एका शिवणवाल्या आजींनी निवडलं. निवडलं म्हणजे खरोखर निवडलं हं! त्या आल्या, माझ्या आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि अख्खी दुपार उठल्याच नाहीत. माझी भावंडं त्यांच्या पिशवीचे बंद ओढत होती, एक तर पिशवीतच शिरला होता. मी आईच्या पोटाला टेकून नुसती बघत होते. आजी म्हणाल्या, "मला हीच द्या. माझ्या घरात कापडं पसरलेली असतात, तिथं असा नाचरा गडी काय कामाचा?"

मग माझी सगळी तरुण वर्षं शिलाई मशीनच्या खाली गेली. वर सुई धडधडायची, खाली मी चिंध्यांवर पडलेली. गिऱ्हाईक आलं तरी उठायचं नाही, भुंकायचं नाही, कापडावर पाय द्यायचा नाही. हे मी इतकं छान शिकले, की मापं द्यायला आलेल्या बायका दचकून म्हणायच्या, "अगंबाई, ही खरी आहे होय? मला वाटलं, उशी आहे!" आजी हसायच्या आणि पायाच्या अंगठ्यानं माझा कान खाजवायच्या. ते सुखाचे दिवस होते. पुढे त्यांचे डोळे गेले, मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, आणि तिथं प्राणी चालत नव्हते. आजी रडल्या. मीही रडले असते, पण आम्हाला ते नीट जमत नाही.

आजींच्या ओळखीत पिल्लं विकणारा एक माणूस होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. "तुम्हाला कुत्र्यांची सवय आहे, सांभाळाल ना हिला?" असं आजींनी विचारलं आणि भाऊ म्हणाले, "सांभाळाल ना म्हणजे काय! घरचीच समजा." भाऊ तसे वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. बोलायला गोड, वेळेवर खायला घालणारे, सकाळी अंगण झाडताना गाणं गुणगुणणारे. त्यांच्या बायकोला सगळे ताई म्हणत. ताई कमी बोलायच्या.

त्या घरी काळी नावाची एक कुत्री होती. खरी आई तीच. मी आले तेव्हा ती कोवळी पोर होती आणि काय सांगू, नुसता वारा अंगात शिरलेला! माझी शेपूट ओढून पळायची, मग लांब उभी राहून मी येते का ते बघायची. मी कसली येते! पण मला ती फार आवडायची. तिला पहिली पिल्लं झाली आणि गिऱ्हाईक आलं, तेव्हा ती गुरगुरली. कोणती आई गुरगुरणार नाही? गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. भाऊंनी काळीला मागच्या अडगळीच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. "एवढं गिऱ्हाईक होईपर्यंत," असं ते ताईंना म्हणाले.

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा पिल्लं पुढच्या खोलीत होती. बिचारी थंड फरशीवर कुडकुडत होती, म्हणून ऊब शोधत माझ्यापाशी आली आणि मला चिकटून झोपली. ते गृहस्थ म्हणाले, "वा! आई किती शांत आहे हो! मग पिल्लंही अशीच निघणार." भाऊंनी चूक सुधारायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी तोंड मिटलं आणि ते हसले. तेवढ्यात माझं आयुष्य ठरून गेलं.

त्या दिवसापासून माझं नाव माई झालं. माझ्यासाठी निळं, मऊ ब्लँकेट आलं. दारावरची बेल वाजली की ताई मागून पिल्लांचा टब आणायच्या, भाऊ मला म्हणायचे, "माई, झोप." मी कुशीवर झोपायचे. पिल्लं माझ्याभोवती मांडली जायची. मग भाऊ टीव्ही मोठ्यानं लावायचे आणि दार उघडायचे. टीव्ही कशाला, ते कळलं ना? मागे काळी रडत असायची.

कौतुक तर इतकं झालं माझं! लोक फोटो काढायचे. "हिच्या डोळ्यांत बघा किती माया आहे," म्हणायचे. माया नव्हती हो ती, लाज होती. पिल्लं माझ्या पोटाशी तोंड खुपसून दूध शोधायची आणि तिथं काही नसायचं. भाऊ गिऱ्हाईक यायच्या आधी त्यांना मुद्दाम दूध पिऊ देत नसत. भुकेलं पिल्लू एक तर मुकाट पडून राहतं, नाहीतर आलेल्याचे हात चाटतं. लोकांच्या हाताला बिस्किटाचा वास असतो, आणि लोकांना वाटतं, बघा, याला मीच आवडलो!

कितीदा वाटलं, उठावं. मागच्या दारापाशी जाऊन बसावं, म्हणजे पिल्लं माझ्यामागून येतील आणि सगळ्यांना कळेल. पण मी जरा हलले की भाऊ हळूच म्हणायचे, "माई." बस, एवढंच. आणि माझे पाय आपोआप दुमडायचे. काळीला कडी लावून कोंडावं लागत होतं, मला नुसत्या हाकेनं. सांगा, जास्त कोण कोंडलेलं होतं?

काळी मात्र बदलत चालली. खोलीला खिडकी नव्हती. पाजायच्या वेळेला पिल्लं आत, बेल वाजली की पिल्लं बाहेर, आणि बेलेनंतर एखादं कमी व्हायचं. बेल वाजली की ती दारावर अंग टाकायची. भाऊ सगळ्यांना सांगायचे, "ती ना, चावरी आहे." माझी एकच इच्छा राहिली होती. त्या पोरीला तिच्या पिल्लांबरोबर एकदा उजेडात झोपलेलं बघायचं.

आणि एके दिवशी एक नर्सबाई आल्या, त्यांच्या मुलीला घेऊन. मुलीला त्या चिमणी म्हणत होत्या. चिमणीला पूर्वी कधीतरी रस्त्यावर कुत्रा चावला होता, तेव्हापासून ती एकटी घराबाहेर पडत नव्हती. "एखादं गरीब स्वभावाचं पिल्लू द्या भाऊ," नर्सबाई म्हणाल्या. "घरात वाढलं तर हिची भीती जाईल. पण चुकीचं निघालं तर हिचं उरलंसुरलं धाडसही जायचं. म्हणून नीट बघून घ्यायचंय."

"अहो, आईच बघा ना!" भाऊंनी माझ्याकडे हात केला. "देवमाणूस आहे नुसती."

चिमणी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. पांढऱ्या पायांचं एक पिल्लू माझ्या पोटाशी निपचित पडलं होतं. एक ठिपक्यांचं मात्र खुर्चीभोवती फिरत टिवटिव करत होतं आणि चिमणी पाय आणखी आवळून घेत होती. नर्सबाईंनी पांढऱ्या पायांच्या पिल्लाकडे बोट दाखवलं. "हे बरं वाटतंय. किती शांत आहे!"

"पारख आहे तुम्हाला," भाऊ म्हणाले.

इतक्यात वीज गेली. टीव्ही गप्प झाला, आणि खोलीत काळीचं रडणं ऐकू आलं.

पिल्लांनी एकदम माना उचलल्या. माझ्या अंगावरचं एक धपकन खाली पडलं. सगळी उठली आणि धडपडत, एकमेकांवर आपटत, मागच्या बोळाकडे निघाली. मी ब्लँकेटवर एकटी राहिले.

"आई," चिमणी म्हणाली, "ही पिल्लं आईला सोडून कुठं चाललीत?"

नर्सबाई माझ्याजवळ वाकल्या, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊ, हिला दूध कुठंय?"

"आटलं हो. वय झालं तिचं."

"वय झालं आणि पिल्लं झाली? बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते मी. मला नका सांगू."

भाऊ हसायला लागले, पण ते हसणं काही पुढे सरकेना. बोळात ताई उभ्या होत्या. पिल्लं त्यांच्या पायांत घुटमळत होती, दाराच्या फटीत नाकं खुपसत होती. ताई म्हणाल्या, "पुरे झालं आता," आणि त्यांनी कडी काढली.

"अगं, चावेल ती!" भाऊ ओरडले.

काळी बाहेर आली. माणसांकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येक पिल्लू हुंगलं, पुन्हा हुंगलं, मग ती आडवी झाली, तिथंच, बोळाच्या तोंडाशी, जिथं बाहेरचा उजेड पडतो. पिल्लं तुटून पडली. मित्रांनो, मला त्या वेळी जे वाटलं ते मी तुम्हाला कसं सांगू? शेपूट आपटून आपटून दुखायला लागली माझी.

आता गंमत बघा. ते गरीब, निपचित, पांढऱ्या पायांचं पिल्लू! त्यानं दोन्ही बाजूंच्या भावंडांना ढकलून दिलं, एकाच्या डोक्यावर पाय ठेवला आणि गुरगुरत दूध प्यायलं. ते शांत नव्हतं, भुकेनं गळून गेलं होतं. आणि ते टिवटिव करणारं ठिपक्यांचं पोट भरल्यावर डुलत डुलत खुर्चीपाशी आलं, चिमणीच्या पायातून गळून पडलेल्या बुटावर त्यानं हनुवटी टेकली आणि ते झोपी गेलं. चिमणी बराच वेळ वरून बघत राहिली. मग तिनं एक पाय खाली सोडला. मग दुसरा. "आई, हे मला भीत नाही," ती कुजबुजली.

"आपलं ठरलं," नर्सबाई म्हणाल्या. "हेच. पण आज नाही. अजून आईचं दूध हवंय त्याला. तोवर ही काळी इथं, उजेडात राहणार. मी ड्यूटीवरून जाता-येता डोकावणार आहे भाऊ, कधीही. ती आत दिसली, तर गावभर सांगेन."

भाऊंनी मान डोलावली. काय करतात! त्या संध्याकाळी काळी निळ्या ब्लँकेटवर झोपली, पिल्लांसकट. माझी इच्छा पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्यापाशी आले. मानेवर थोपटून म्हणाले, "चल माई. तुला आता आराम."

"अहो, हिला कशाला?" ताई म्हणाल्या.

"दोघी एका जागी ठेवल्या तर भांडतील. आणि खोली रिकामीच आहे की."

त्यांनी मला ओढलं नाही, हे खरं सांगते. त्यांनी नुसतं "माई" म्हटलं. मी आपल्या पायांनी आत गेले. मागे कडी लागली.

तेव्हापासून मी इथं आहे. एक पोतं आहे, पाण्याचं भांडं आहे. दाराच्या आतल्या बाजूला काळीच्या नखांचे ओरखडे आहेत, खालपासून ती उभी राहिल्यावर पोचेल तिथवर. खायला वेळेवर येतं. ताई भांडं ठेवताना माझ्या डोक्यावर हात ठेवतात आणि पटकन काढून घेतात. काळी कधीकधी पलीकडून फटीशी नाक लावते. आम्ही दोघी श्वास घेत बसतो, मग कुठलं तरी पिल्लू केकाटतं आणि तिला जावं लागतं. तिचं बरोबर आहे. माझ्यासाठी भाऊंना टीव्हीसुद्धा लावावा लागत नाही. मी कधी आवाज केला आहे?

नर्सबाई बोलल्याप्रमाणे येत राहिल्या. पिल्लू न्यायच्या दिवशी चिमणीही आली. चालतच आली वाटतं, कारण ती धापा टाकत, हसत सांगत होती, "वाटेत एक मोठा कुत्रा होता, मी नुसती बाजूनं आले!" माझं काळीज भरून आलं. योग्य पिल्लू योग्य घरी चाललं होतं. मग तिनं विचारलं, "भाऊकाका, ती दुसरी कुठंय? ती म्हातारी?"

मी ताडकन उठून दाराशी आले.

"ती ना? एका चांगल्या घरी दिली तिला," भाऊ म्हणाले. "मजेत आहे."

"बरं झालं," चिमणी म्हणाली. आणि ती गेली. मला भुंकायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण जे जन्मभर गिळलं, ते ऐन वेळेला बाहेर कसं येणार?

आता मी शिकते आहे. दुपारी घरात कुणी नसलं की थोडंथोडं भुंकून बघते. आवाज फार बारीक येतो.

मित्रांनो, तुम्ही कधी पिल्लू आणायला जाल तर आधी त्याची आई बघा, त्याचं पोट भरू द्या आणि मग बघा कोण कसं आहे ते. घाईनं निवडू नका. पण तेवढ्यावर थांबू नका. त्या घरात ज्याचं काम संपलं आहे, तो जीव कुठं ठेवला आहे, हेही विचारा. "मजेत आहे" म्हणाले तर "दाखवा" म्हणा. आतून काही ऐकू आलं नाही तरी दारापर्यंत या. कडी बाहेरून आहे.