सगुणाबाईंचा साक्षीदार

सगुणाबाई कराचीतल्या मराठी घरात जन्मल्या. नवरा वारल्यावर त्या पंचवटीत भावाकडे आल्या आणि भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्याला आठ वर्षं झाली. कचेरीत गेलं की उत्तर एकच, "अर्ज वर पाठवलाय."

१९७९ साली कचेरीतल्या साहेबांनी ओळखीचा साक्षीदार मागितला. भाऊ गावाला गेलेला. बाईंनी शेजारच्या रंगनाथला नेलं, पण कशाची साक्ष ते सांगायचं धाडस झालं नाही. कारण सीमेपलीकडून आलेल्यांना पहिल्या गाडीनं परत पाठवा, असं तो रोज ओट्यावर ठणकावून सांगायचा.

"ह्या पाकिस्तानी बाईंना ओळखता?" साहेबांनी विचारलं.

रंगनाथनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"मावशी, तुम्ही?"

"हो रे बाबा. आता बसव गाडीत!"

रंगनाथ घाईनं साहेबांकडे वळला.

"मराठी येतं का त्यांना?" साहेबांनी पुढचा प्रश्न टाकला.

"येतं का? नळावर भांडताना ऐका एकदा! आणि साहेब, आमच्या मावशीला आठ वर्षं ताटकळत ठेवता, काही वाटतं का?"

साहेबांनी हसत शिफारस लिहिली. पुढच्या वर्षी प्रमाणपत्र आलं. गल्लीभर पेढे वाटत रंगनाथच फिरला, आणि त्याच्या मागून सगुणाबाई ओरडत होत्या, "अरे, वाट की! स्वतःच किती खातोस!"