दोनशे ऐंशी किलोंची तुळई

सर्वण गावच्या पद्मावतीने अठ्ठावीस दिवस काँक्रीटला पाणी घातलं. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक, वर ओलं गोणपाट. पेडण्याला भाचीच्या लग्नाला गेली, तर जेवून हात धुतल्याबरोबर बस पकडून परत. "तुळई तान्हेली असेल," म्हणाली. नवऱ्याकडच्यांनी विचारलं, दूध किती देते.

तुळई तिच्या मुलीची, सेजलची. सेजल इंजिनिअरिंगचं पुढचं शिकते. वजन वाढत गेलं की काँक्रीट कुठे थकतं, पहिला तडा कुठे जातो, हे कॉम्प्युटरवर आधीच सांगायचं, हा तिचा प्रोजेक्ट. आता कॉम्प्युटर खरं बोलतो का ते बघायला एक खरी तुळई मोडायला हवी. कॉलेजचं मशीन बंद पडलेलं, म्हणून तिने अंगणातच बाकासारखी लांबट तुळई ओतून घेतली आणि दोन जांभ्या दगडांवर ठेवली. सोमवारी सरांना आकडा द्यायचा होता. शनिवारी ती वाळूची पोती घेऊन आली, तर आई तुळईवर बसलेली.

"उठ गे आई. मोडायची आहे."

"मोडायला पाणी घातलं मी? तुळशीला इतकं घातलं नाही."

"ही मोडल्याशिवाय मला डिग्री नाही."

"मग दुसरं काय तरी मोड. तुझ्या पप्पांची स्कूटर आहे."

सेजलने लॅपटॉप पुढे केला. निळी तुळई, आणि मध्यापासून वीतभर डावीकडे लाल डाग. "दोनशे ऐंशी किलोला इथे तडा जाणार."

"मध्ये कशाला नाही?"

"गवंडी तिथपर्यंत ओतून थांबला, म्हणून तिथला जोड कच्चा. तू त्याला चहाला हाक मारलीस ना? तो चहा मी कॉम्प्युटरात धरलाय."

हे पद्मावतीला लागलं. तिच्या चहाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"पोती नकोत," ती म्हणाली. "बाकासारखी आहे तर माणसं बसव. बघूया कोण खरं ते."

आत सळी होती. तडा गेला तरी तुळई कोसळणार नव्हती. सेजल कबूल झाली.

शेजारच्या तिघी हौसेने आल्या. सेजल वही घेऊन एकेकीला वजन विचारत बसवू लागली.

"पंचावन्न," कमलाक्षीकाकी टेकता टेकता म्हणाली.

"बावन्न," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"माझा पन्नास घाल गो," सावंतवाडीहून इथे राहायला आलेली शांता म्हणाली. "माझो उपास आसा."

शेवटी पद्मावती चहाची किटली आणि कपांचा ट्रे घेऊन आली. "अठ्ठावन्न," म्हणाली आणि बसली.

कट्.

लाल डाग होता नेमका तिथे केसाएवढा तडा. चौघी तशाच बसून राहिल्या. पहिली उठेल तिच्यावर नाव येणार होतं.

सेजलने बेरीज केली. दोनशे पंधरा. परत केली. तिचं तोंड उतरलं. "जागा बरोबर आली, वजन नाही. पासष्ट किलोंचा फरक. सर मॉडेल टाकून द्यायला सांगतील. दोन वर्षं गेली माझी."

मग कमलाक्षीकाकी जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्यात थोडे वाढव गो."

"किती?"

"पंचवीस."

भाग्यलक्ष्मीने घसा साफ केला. "माझे अठरा. थायरॉईड आहे मला."

"चवदा," शांता म्हणाली. "उपास आजच धरलंय."

सगळ्यांनी पद्मावतीकडे बघितलं.

"सहा," ती म्हणाली. "लग्नात जेवले ना."

"दोनशे अठ्ठ्याहत्तर," सेजल म्हणाली. "अजून दोन पाहिजेत." आणि तिची नजर आईच्या हातातल्या किटलीवर गेली.

पद्मावतीने किटली पदराआड घेतली. "चहाला परत मध्ये आणू नको."

पण आणावाच लागला. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर किटली, ट्रे आणि कप मिळून दोन किलो भरले.

सोमवारी सरांना दिलेल्या कागदात लिहिलं होतं, "भार: चार महिला, एक किटली." नावं घालायची नाहीत, ही कमलाक्षीकाकीची अट.

पद्मावतीने त्या संध्याकाळीही बादली भरली. तड्यावर जरा जास्तच ओतलं.