लिफ्टमधला ठराव

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरातल्या त्या आठ मजली इमारतीच्या अध्यक्षपदी दोब्रिंकाला सगळ्यांनी एकमतानं निवडलं, कारण त्या दिवशी ती गावाला गेली होती. तेव्हापासून प्रत्येक सभेत ती नव्या लिफ्टचा ठराव मांडायची आणि तळमजल्यावरचे स्तामेन तो हाणून पाडायचे. "मी लिफ्टमध्ये पायसुद्धा ठेवत नाही. मला काय त्याचं?"

रविवारी सकाळी लिफ्ट पुन्हा अडकली. दार बडवल्याचा आवाज ऐकून दोब्रिंका धापा टाकत पाचव्या मजल्यावर पोचली.

"कोण आहे आत?"

दार बडवणं थांबलं. मग पडेल आवाज आला, "मी. स्तामेन."

"तुम्ही? आणि निघालात कुठे?"

"सहाव्यावर, झिवकाबाईंकडे. चीज घालून बानित्सा भाजून नेत होतो, ती गार होतेय."

दोब्रिंकाला हसू आवरेना. एकटी राहणारी झिवका तेवढ्यात जिना उतरून आली. तिचे गाल लाल झाले होते. दाराशी वाकून ती म्हणाली, "अहो, गुडघे दुखतात तर हाक मारायची. मीच आले असते खाली!"

"पहिल्यांदाच येतोय. म्हटलं, रीतसर यावं."

दुरुस्तीवाला येईपर्यंत जिन्यात शेजारी जमले. एवढी गर्दी कुठल्याच सभेला झाली नव्हती. दोब्रिंकानं संधी साधली. "नव्या लिफ्टच्या बाजूनं कोण?"

सगळ्यांचे हात वर गेले.

"माझाही धरा!" आतून स्तामेन ओरडले.

दार उघडलं, तेव्हा झिवकानं सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला आणि उरलेला जिना दोघं सावकाश चढून गेले.