हिरव्या चिंध्या

ट्रॅक्टर बंद करून व्यंकटी खाली उतरला तरी ग्यानोबा वाळूत उमटलेल्या चाकोऱ्यांकडेच बघत होता. गोदावरीच्या पात्रातल्या वाळूच्या उंचवट्यावर त्याने आठ दिवसांपूर्वी काठ्या रोवल्या होत्या, दोन रांगांत, प्रत्येकीला हिरवी चिंधी. मधोमध सुरय पक्ष्यांची सतरा घरटी होती. घरटी कसली, वाळूतले नुसते खळगे, अन् त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. आता तिथून टरबुजांनी भरलेली ट्रॉली गेली होती.

हा सगळा उद्योग केवळाबाईचा. "पोरांची झालीस, आता पाखरांची आजी होतीस का," असं ग्यानोबा बायकोला चिडवायचा. पण तिने साऱ्या भोयांच्या घरी खनपटीला बसून कबूल करून घेतलं होतं, की उन्हाळ्यात पिलं उडेपर्यंत या वाळवंटावर कुणी जाळी वाळवायची नाहीत, शेळ्या सोडायच्या नाहीत, वाळू उचलू द्यायची नाही. पाच वर्षं लोकांनी पाळलं. पौषात ती गेली. जाताना ना पोरांचं नाव, ना दागिन्यांचं. "पिलं उडूस्तोर बघा" एवढंच बोलली.

काठ्यांना बांधायला वनखात्याने दिलेल्या फिती यंदा वाऱ्याने तुटल्या, म्हणून त्याने तिचं हिरवं लुगडं फाडलं.

व्यंकटी भावकीतलाच. त्याचाही चेहरा उतरला. "काका, दोन्ही अंगाला चिंध्या दिसल्या. म्हणलं, तुम्हीच वाट दावून ठेवली."

ग्यानोबाला रागवायचं होतं, पण कुणावर? गाडी रुतू नये म्हणून घट्ट वाळूच्या दोन्ही बाजूंना चिंध्यांच्या काठ्या रोवायची रीत याच नदीवरची. तरुणपणी त्याने स्वतः किती गाड्यांना अशी वाट आखून दिली होती. सवयीच्या हाताने यंदा घरट्यांपाशीही तेच करून बसला. केवळाबाई मात्र काठ्या गोल रोवायची, घरट्यांना वेढा घालून. ते त्याला आत्ता आठवलं.

"तुझी चूक न्हाई," तो म्हणाला. "वाटंचीच खूण हाय ती."

कडेचं एकच घरटं वाचलं होतं. त्याची मादी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. ग्यानोबाने व्यंकटीला ट्रॅक्टर पुढे काढायला सांगितला. मग एकेक काठी उपटून त्या एका घरट्याभोवती गोल रोवली, अन् लांब, केवळाबाई बसायची तिथे, उन्हात जाऊन बसला. बऱ्याच वेळाने पक्षी खाली उतरून अंड्यांवर बसला.

बायकोला दाखवावं म्हणून तो शेजारी वळला.