तिसऱ्या मिनिटाला बंद पडणारी बोट

तहसीलचं पुराचं काम पाहणाऱ्या मंजुषाताईंच्या ताब्यात एक जुनी मोटारबोट होती, आणि त्या बोटीनं त्यांना रडकुंडीला आणलं होतं. इंजिन दोरीच्या एका झटक्यात चालू व्हायचं, दोन मिनिटं मजेत चालायचं आणि तिसऱ्या मिनिटाला गप्प. दोन मिस्त्री येऊन कार्बोरेटर धुऊन गेले, फरक शून्य. गेल्या साली पैनगंगेच्या पुरात मधोमध ती बंद पडली, तेव्हा मंजुषाताई स्वतः सुकाणूला होत्या. ती धडकी अजून गेली नव्हती.

शेवटी कुणीतरी ढाणकीच्या शमसुन्निसाबाईंचं नाव सांगितलं. नवऱ्यामागे त्या शेतपंप दुरुस्तीचं दुकान चालवायच्या. पिशवी घेऊन त्या बोट बांधलेल्या बंधाऱ्यावर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नावेचं इंजन मी पयल्यांदाच पाहून राह्यली, मॅडम. पण पेट्रोलवरच चालते ना?"

मंजुषाताईंचा धीरच खचला.

बाईंनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. मंजुषाताईंना इंजिन सुरू करायला सांगितलं आणि टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा मुठीत धरून बसल्या. इंजिन आचके देऊ लागलं, तसा फुगा चपटा झाला.

"पाहा, उपाशी मरून राह्यलं. टाकीकडूनच काही येत नाही."

टाकीत हवा शिरत नसेल म्हणून झाकण काढून पुन्हा चालवलं. फुगा पुन्हा चपटा. मग टाकी ते फुगा एवढाच नळीचा तुकडा सोडवून त्यांनी पेट्रोल निथळू दिलं आणि फुग्याकडच्या टोकातून फुंकर मारली. हवा आरपार गेली.

"नळी साफच आहे," मंजुषाताई म्हणाल्या. "मिस्त्र्यांनीही फुंकून पाहिली होती."

"इंजन फुंकते काय? ते तर ओढते."

बाईंनी नळीचं तेच टोक ओठांना लावून हवा आत ओढली. गाल खपाटीला गेले, पण हवा येईना. थुंकून, तोंड पुसून त्यांनी ब्लेडनं नळी उभी चिरली. आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. फुंकलं की बाजूला सरायचं, ओढलं की वाट बुजवायचं.

मंजुषाताईंनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. या बाईंनी पिशवीतून धड दोन पानेही काढले नव्हते. इंजिन काय करतं, याचा नुसता विचार केला होता.

पिशवीतली नवी नळी बसली. "आता तुम्हीही बसा," मंजुषाताई म्हणाल्या.

"मले पाण्याचं लय भेव वाटते."

तरी बसल्या, दोन्ही हातांनी बोटीची कड आवळून, डोळे घट्ट मिटून. तिसरं मिनिट गेलं, दहावं गेलं. पलीकडचा काठ आला.

"मॅडम," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "जरा हळू घ्या. इंजनचा आवाज ऐकू द्या."

मंजुषाताईंनी लगेच वेग कमी केला.